निकिताच्या पोटातलं

निकिताला शी झाली नव्हती, आणि सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषय उरला नव्हता. धनराज तोंडाला साबण फासून संडासाच्या दाराशी कान लावून उभा राही. मीना स्वयंपाकघरातून विचारी, "झाली का?" आणि आतून सात वर्षांची निकिता सरकारी खिडकीतल्या बाईसारखी उत्तर देई, "नाही. नंतर या."

दुसऱ्या कुणाच्या घरी हे दुखणं मूठभर मनुकांवर भागलं असतं. मार्च महिना, नाशिक, गल्लीच्या तोंडाशी द्राक्षांच्या हातगाड्या. पण निकिताला मनुका चालत नव्हती. द्राक्ष, केळं, पपई, पेरू, काही चालत नव्हतं. तिला तिसऱ्या वर्षापासून फिट यायच्या. औषधं बदलून झाली, डॉक्टर बदलून झाले, देवही दोनतीन बदलले. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला नवाच आहार लावून दिला. तूप, साय, लोणी, खोबरं, अंडं, सगळं काट्यावर तोलून. भात नाही, भाकरी नाही, साखरेचा तर कणसुद्धा नाही. शरीरानं साखर सोडून चरबी जाळायला घेतली की डोकं शांत राहतं, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज लघवीत एक कागदी पट्टी बुडवायची. पट्टी जांभळी झाली म्हणजे गाडी रुळावर.

आणि गाडी खरंच रुळावर होती. दिवाळीपासून एकही फिट आली नव्हती. मीना तर हे मोठ्यानं बोलायलाही घाबरायची. फक्त पोट अडलं होतं.

धनराज सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होता. मुंबईच्या आहाराच्या मॅडमना तो दर आठवड्याला साहेबांच्या टेबलावरून फोन करायचा. त्या आठवड्यातही केला.

"वजन?" मॅडमनी विचारलं.

"बरोबर आहे."

"पट्टी?"

"जांभळी, मॅडम. वांग्यासारखी."

"छान. आणि पोट साफ होतं ना रोज?"

धनराजनं वर पाहिलं. समोर साहेब चहा पीत होते. पलीकडे पर्चेसच्या दोघी जणी बिल घेऊन थांबल्या होत्या. मुलीची शी हा शब्द त्याच्या जिभेपर्यंत आला आणि तिथून परत फिरला.

"हो हो, मॅडम. सगळं ओके."

घरी मीनानं विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?"

आता ऑफिसात लाज वाटली हे बायकोला सांगायचं म्हणजे पुन्हा लाजच. "म्हणाल्या, होईल आपोआप. घाई करू नका."

मॅडमच म्हणाल्या म्हटल्यावर मीना थांबली. निकिताचं पोट मात्र थांबलेलंच होतं, ते आता फुगून ताठ झालं. धनराजनं केमिस्टकडून पातळ औषध आणलं, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. पहिलाच शब्द साखर. इसबगोल आणला, तर तो संत्र्याच्या स्वादाचा आणि गोड. परत करायला गेला, तर केमिस्ट फोडलेला डबा घेईना. औषध आणि डबा दोन्ही त्यानं आणून कपाटात ठेवले. गोळीतली, सिरपमधली, टूथपेस्टमधली गोडी शोधून काढणं ही त्याच्याकडची कामगिरी होती आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग सिन्नरहून त्याची आई, झुंबरबाई, जीपनं आली. नातीचं पोट अडलंय ही बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली ते कळलं नाही. पण ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती.

"आई, पिशवी दाखव," धनराज म्हणाला.

"काय?"

"दाखव."

कारखान्याच्या गेटवर वॉचमन घेतो तशी त्यानं आपल्या आईची झडती घेतली. लुगडं, तंबाखूची डबी, आणि तळाशी फडक्यात बांधलेल्या काळ्या मनुका. त्या त्यानं कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मीनाचं सोनं त्याच कपाटात असल्यानं दुसरी किल्ली तिच्याकडे होती.

झुंबरबाई पलंगावर टेकली. "येवढं तूप खाती पोरगी आन् तिला खडा व्हतो? इपरीतच हाय. चार मनुका दिल्या तर काय आभाळ कोसळनार हाय का?"

"कोसळेल, आई. चार मनुकांनीच कोसळेल."

"बरं बाबा. तू शिकेल हाय," असं म्हणून ती गप्प बसली. पण शेजारच्या लताबाईंना तिनं सगळं सांगितलं, आणि लताबाईंनी बिल्डिंगला. जिन्यात माणसं धनराजला थांबवून विचारू लागली. स्टोअरमध्ये जो शब्द तोंडातून निघाला नव्हता, तो आता तिन्ही मजल्यांवर चालू होता.

शुक्रवारी निकितानं जेवण अर्धं टाकलं. तोललेलं जेवण अर्धं राहणं म्हणजे सगळं गणित बिघडणं. मीनानं समजावलं, रागावली, शेवटी तोंड फिरवून रडली. शनिवारी मीना भाजी आणायला गेली, झुंबरबाई लताबाईंकडे बसली होती, आणि घरात फक्त बाप-लेक होते. निकिता संडासात कुंथून कुंथून घामाघूम झाली होती. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर धनराजला सोपं गेलं असतं.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "माझ्या पोटात दगड आहे. तो काढा ना."

धनराजनं कपाट उघडलं. आधी दोनच द्यायच्या असं त्यानं ठरवलं होतं. मग तिचा चेहरा पाहून आणखी दोन दिल्या, मग जाऊ दे म्हणून आणखी. निकितानं कित्येक महिन्यांनी जिभेवर गोड आल्यावर डोळे मिटून घेतले आणि मनुका बराच वेळ गालात धरून ठेवल्या.

"कुणाला सांगायचं नाही हं," तो म्हणाला.

"नाही सांगणार." ती हे इतक्या सराईतपणे म्हणाली की त्याला जरा नवल वाटलं.

रविवारी सकाळी शी झाली. धनराजनं देवापुढे उदबत्ती लावली. झुंबरबाईनं नातीवरून मीठ ओवाळलं. लताबाईंनी गॅलरीतूनच विचारलं आणि खालच्या मजल्यावर कळवलं. थोड्या वेळानं पुन्हा झाली. मग पुन्हा. जेवणाच्या आधी निकिता संडासातून बाहेर यायलाच तयार होईना. धनराजच्या मनात शंका आली, की हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मनुकांनी एवढं कसं होईल?

तेवढ्यात मीना मोरीतून बाहेर आली. तिच्या हातात पट्टी होती. पट्टी जांभळी नव्हती. तिचा रंग बिस्किटासारखा झाला होता.



"आई," मीना सासूकडे वळली, "काय दिलंत तुम्ही तिला?"

झुंबरबाई पदराशी चाळा करत बसली. आता बोलायला हवं, आता, असं धनराज स्वतःला सांगत होता.

"व्हय," झुंबरबाई म्हणाली, "मीच दिलं."

धनराजच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आईची आपण झडती घेतली, आणि ती आपला गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेतेय. "आई, नको," तो म्हणाला. "मीना, मी दिल्या मनुका. काल. आई खोटं सांगतेय."

"खोटं कशापायी सांगू?" झुंबरबाईला रागच आला. "लताबाईनं वाटीभर मनुका दिल्या, त्या मी भिजू घातल्या, आन् रोज त्याचं पानी पाजलं तिला. तू कवा दिल्या?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग दोघांनी मीनाकडे पाहिलं, कारण ती भांडायचं सोडून मटकन खाली बसली होती.

"तो संत्र्याचा इसबगोल," मीना म्हणाली. "मी तिला दोन दिवस देतेय. सिरपपण. मला वाटलं, तुम्ही इतकं कडक सांभाळताय, तर माझ्या एका चमच्यानं काय होणार."

धनराजनं निकिताला जवळ घेतलं. "बाळा, तू का नाही सांगितलंस आम्हाला?"

"सगळेच म्हणाले, कुणाला सांगू नको," निकिता म्हणाली. "मी पोटात ठेवलं."

फिट दुपारी आली. निकिता चित्राला रंग देत होती. खडू हातातून सुटला, मान एका बाजूला वळली, उजवा हात खांद्यापासून उडू लागला. दिवाळीपासून ज्या आवाजाला घर विसरलं होतं तो आवाज तिच्या घशातून निघाला. मीनानं तिला कुशीवर वळवलं. झुंबरबाईला यातलं काही नीट ठाऊक नव्हतं. ती नातीचे तळपाय चोळत पुटपुटत राहिली, "माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं." खरं तर तिघंही मनात तेच म्हणत होते आणि त्या एका बाबतीत कुणालाच वाटणी नको होती.

रिक्षातून जवळच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनानंतर निकिता शांत झाली. डॉक्टरांनी विचारून घेतलं आणि आधी मुंबईला फोन करा म्हणाले. काउंटरवरच्या फोनभोवती पेशंटांची ही गर्दी होती. सुटीच्या दिवशी मॅडम घरच्या नंबरवर भेटल्या. धनराजनं सगळं सांगितलं, मनुकांपासून सिरपपर्यंत.

"पण पोट अडलं केव्हापासून?" मॅडमनी विचारलं. "मी मागच्या फोनला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"ऑफिसात लोक होते, मॅडम."

"आता आहेत का लोक?"

"आहेत."

"मग सांगा. शी कशी होत होती? कडक? रक्त जात होतं?"

धनराजनं सांगितलं. बाकावरची माणसं वळून बघू लागली, एका म्हाताऱ्यानं तर सहानुभूतीनं मान हलवली.

"पाणी किती देता?"

"तुमच्या चार्टवर होतं तेवढंच. मोजून."

"अहो, ते सुरुवातीचं होतं. मागच्या भेटीत मी पाणी वाढवायला सांगितलं होतं ना?"

सांगितलंही असेल. त्या दिवशी त्याचं आणि मीनाचं सगळं लक्ष परतीच्या गाडीकडे होतं.

"भरपूर पाणी द्या," मॅडम म्हणाल्या. "तोलून दिलेल्या भाजीत पालक वाढवा, साधा बिनगोडाचा इसबगोल आणा. पुन्हा अडलं तर त्याच दिवशी फोन करा. आमच्या प्रत्येक मुलाला हा त्रास होतो हो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि आता पट्टी जांभळी होईपर्यंत तिच्यावर नजर ठेवा. आणखी एखादी फिट येऊही शकते."

दुसरी फिट आली नाही. पण ती येईल म्हणून तिघं आळीपाळीनं निकिताच्या उशाशी बसले, आणि एकाची पाळी असताना उरलेले दोघं दारातून त्याच्यावर नजर ठेवू लागले. झुंबरबाईनं सिन्नरला जायचं नाव काढलं तेव्हा मीनानंच तिला थांबवून घेतलं. पट्टीचा रंग हळूहळू परत आला, आधी फिकट गुलाबी, मग जांभळट. पण अंथरुणावरची निकिता पूर्वीची राहिली नव्हती.

बुधवारी सकाळी धनराज पाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ गेला. "पी बेटा. मॅडमनी भरपूर प्यायला सांगितलंय."

निकितानं पेला हातात घेतला, उजेडात धरून तळ पाहिला आणि नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"यात काय आहे?"

"काही नाही. साधं पाणी."

"आधी तुम्ही प्या."

धनराज प्यायला. दारात मीना आणि झुंबरबाई उभ्या होत्या, पण कुणी हसलं नाही. निकिता बराच वेळ बापाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिली. मग तिनं पेला घेतला आणि एक घोट प्यायली.