आनंदाने चढल्याचा पुरावा

धोबिणीची थोरली लेक भूगोलाच्या शेवटच्या वर्षी अनुत्तीर्ण ठरली ती डोंगर न चढल्यामुळे. तिचं घर डोंगरावर होतं.

गाव सहलींचं. लोक दुरून यायचे, दोर लावून कडे चढायचे, होड्यांतून आदळत-आपटत नदी उतरायचे. तिथलं विद्यापीठाचं आवार म्हणजे दोन इमारती आणि हेल्मेटं ठेवायची एक प्रशस्त खोली. ग्रंथालय त्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात. पदवीसाठी ‘निसर्गानंद’ हा विषय सक्तीचा होता. वीस चढाया, नोंदीसह.

थोरली तीन वर्षं रोज डोंगर उतरून वर्गात येई नि चढून घरी जाई. येताना डोक्यावर हॉटेलच्या धुतलेल्या चादरींचं गाठोडं, जाताना मळक्यांचं. या विषयात तरी आपल्याला तोड नाही, असं ती समजून चालली होती.

“चढाई मान्य आहे,” विषयप्रमुख सर म्हणाले. “हेतू मान्य नाही. हेतूच्या रकान्यात तुम्ही ‘घरी जाणे’ लिहिलंय.”

“मग काय लिहू, सर? घरीच जाते ना मी!”

“नियम सहा. कामासाठी चालणं हे श्रम. विनाकारण चालणं, तो निसर्गानंद.”

“पण मला आवडतं चालायला. वर गेलं की काय वारा लागतो, सर!”

“गाठोड्यासकट आवडतं?”

ती गप्प झाली. सरांनी ते मौन नोंदवून घेतलं.

विद्यापीठाच्या सामुदायिक चढायांत नाव घालणं, एवढाच मार्ग उरला. तिने घातलं. पहिल्याच चढाईत अर्ध्या वाटेवर वाटाड्याचा पाय मुरगळला, वरून धुकं उतरलं. तेव्हा पस्तीस विद्यार्थ्यांना आणि सरांना तिनेच हाताला धरून माथ्यावर पोचवलं. सगळ्यांना गुण मिळाले. तिच्या नावापुढे शेरा आला : ‘सदर दिवशी कामावर.’

“आता गं?” आईने विचारलं.

“आता वसतिगृहात राहते. इथे घर नसलं तरच डोंगर चढता येतो, आई.”

मग ती रविवारी येऊ लागली, उसने बूट घालून, रंगीत काठी टेकत. चादरी आई एकटीच वाहू लागली. विसाव्या चढाईला थोरली स्वतःच्याच अंगणात हात पसरून उभी राहिली आणि मैत्रिणीने फोटो काढला.

“आत तरी ये की,” आई तांब्या घेऊन दारात आली.

“नको गं. आत गेले तर घरी आले असं धरतात.”

ती उभ्याउभ्याच पाणी प्यायली. आईकडे बघणं तिने टाळलं. निकाल लागला : विशेष प्रावीण्य.

तो फोटो माहितीपत्रकावर छापला गेला आणि फार गाजला. तुम्हीही तो पाहूनच गेल्या सुटीत तिकडे गेलात. अरुंद वाटेवर, डोक्यावरचं ओझं सावरत एक बाई तुम्हाला वाट द्यायला थांबली होती. तिला तुम्ही अगदी गोड शब्दांत म्हणालात, “मावशी, अजून जरा बाजूला होता का? फोटोत येताय.”