रान उपटलें आणि भोपळा अडला, त्याची हकीकत

श्रीगणेशास दंडवत, कुलस्वामिनीस दंडवत, आणि भोपळा ज्यांच्या कृपेनें धरतो त्या माश्यांसही दंडवत. शके सोळाशें नव्वद, आषाढ मास, ते समयीं या राज्यीं वर्तलें तें यथामति लिहितों.

महाराज थोर, परंतु मनांत आलें तें आलें. परमुलखाचे वकील बागेंतील तेरडा, कुर्डू, रुई पाहून हंसले, म्हणून महाराज संतापले आणि हुकूम केला कीं हें रान उपटा, आणि मग परदेशची हिरवळ आणून अंथरली, तीवर कोणास पाय ठेवूं देत ना. झालें! मधमाश्या उडाल्या, फुलपांखरें शेजारच्या राज्यीं चाकरीस गेलीं. आम्ही सांगत होतों. पण आमचें ऐकतो कोण! मग श्रावणांत महाराजांची कन्या चिमाऊसाहेब बाळंतपणास माहेरीं आल्या आणि त्यांस डोहाळे लागले भोपळ्याच्या घारग्यांचे. तेही आजी आईसाहेबांच्या वेलावरच्याच भोपळ्याचे. "बाजारचा आणाल तर ताट लोटीन," म्हणाल्या. वेलास फुलें उदंड, भोपळा एक नाहीं. मग कारभारी भिकाजीपंतांनीं मसलत दिली कीं माशी नाहीं तर आपणच नराचें फूल मादीच्या फुलास लावावें. तों राजोपाध्ये अनंतभट उठले, "शिव शिव! मुहूर्तावांचून?" आणि मग गोरज मुहूर्त काढिला, वाजंत्री आली, वरफूल पालखींत बसविलें, अंतरपाट धरिला, मंगलाष्टकें झालीं, आणि अंतरपाट दूर होतो तों नवरी मिटलेली! भोपळ्याचें फूल पहांटे उमलतें आणि ऊन चढतां मिटतें, हें पंचांगांत कोठें? वऱ्हाड जेवून मात्र गेलें.

आईसाहेब महाराजांवर कडाडल्या, "हीं लग्नें माश्या लावीत होत्या, त्यांचेंच घर मोडलेंत! आधीं रान आणा." मग महाराजांनीं हिरवळ उकरविली आणि डोंगरांतून तेरडा, कुर्डू, रुई मुळासकट आणून लाविली. रुईवर सुरवंट पाहून सेनापति तरवार उपसून धांवले, "गनीम! गनीम!" आईसाहेबांनीं त्यांस कान धरून माघारीं धाडिलें, "अहो, त्यांचींच फुलपांखरें होतात!" आणि मग फुलपांखरें आलीं, माश्या आल्या, आणि वेलास भोपळा धरला.

परंतु तो पिकेतों चिमाऊसाहेब प्रसूत होऊन पुत्र झाला. पौषांत घारगे तळले. चिमाऊसाहेबीं एक खाल्ला आणि डोळां पाणी आलें, "तेव्हां मिळता तर!" महाराज ओशाळून नातवास मांडीवर घेते झाले, तों नातवानें लाळ गाळून शेला भिजविला. आईचे डोहाळे अपुरे राहिले कीं लेंकरूं लाळगळें निपजतें, हें पोरासोरांसही ठाऊक. "पुसा, आबासाहेब," कन्या म्हणाल्या, "ही तुमच्या हिरवळीची कमाई."

एकूण हकीकत इतकीच: बाग आबाद, फुलपांखरें आबाद, आणि महाराज अद्याप शेला वाळवितात.