मंदाताईंचा पहारा

मंदाताईंच्या देखत कुणाला सुखाने झोपता येत नाही. जरा डोळा लागला की त्या शेजारी येऊन बसतात, मनगट हातात घेतात आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत राहतात. माझे सासरे पुण्याहून आले होते, तेव्हा जेवणानंतर आमच्या सोफ्यावर पेंगले. जाग आली तर एक अनोळखी बाई त्यांची नाडी धरून बसलेली. त्यांना वाटलं, आपलं आटोपलं. "बाहत्तर. उत्तम आहे. झोपा तुम्ही, मी आहे," मंदाताई म्हणाल्या. त्यानंतर महिनाभर सासरे आमच्याकडे दुपारचे आडवे झाले नाहीत.

डॉक्टर मंदाकिनी सबनीस लंडनजवळच्या पिनरमध्ये आमच्या अगदी समोरच्या घरात राहतात. वय पंच्याहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, लग्न केलेलं नाही. तरुणपणी एकट्या इकडे आल्या आणि तीस वर्षं हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्याचं काम केलं. "सर्जन कापतो आणि गोल्फला जातो. पेशंट जागा होईपर्यंत थांबतो ते आम्ही," असं त्या सांगतात. झोपलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा तिथला नियम. रिटायर झाल्यावर तो नियम त्यांच्याबरोबर घरी आला आणि आम्हा शेजाऱ्यांच्या वाट्याला आला.

त्यांचा दुसरा नियम दोन शब्दांचा आहे. "का म्हणून?" कौन्सिलने कळवलं, कचऱ्याचे डबे या बाजूला ठेवा. का म्हणून? मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कार्यकर्ते म्हणाले, ज्येष्ठांनी पुढच्या रांगेत बसावं. "का म्हणून? मला मागे बसून बोलायचं असतं." त्यांच्या डॉक्टरने, म्हणजे तिशीतल्या एका उंच पोराने, शिडीवर चढू नका असं बजावलं. "का म्हणून? बल्ब काय तू येऊन बदलणार?" तो बिचारा खरंच एकदा येऊन बदलून गेला. त्याला चहा मिळाला आणि रक्तदाबाची गोळी कशी चुकीची लिहून दिली आहेस यावर अर्धा तास लेक्चरही मिळालं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मंदाताई स्वयंपाकघरात पडल्या. त्यांच्या मते पडल्या नाहीत, खाली बसल्या. तासभर बसल्या. हे कुणाला कळलंही नसतं, पण त्यांची भाची केतकी रविवारी भेटायला आली आणि तिने कोपरापासून दंडापर्यंत काळंनिळं झालेलं बघितलं. केतकी इथेच जन्मलेली, ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मावशीवर तिचा जीव आहे, आणि जीव असला की माणूस फॉर्म भरायला लागतो. तिने आधी मावशीच्या गळ्यात घालायचं लाल बटण आणलं. पडलात तर दाबायचं, की घरातल्या डब्यातून कुणीतरी विचारतं, तुम्ही ठीक आहात ना?

मंदाताईंनी ते बटण बागेतल्या सिमेंटच्या बेडकाच्या गळ्यात घातलं. एके दिवशी पावसाने ते आपोआप दाबलं गेलं आणि डब्यातून एका मुलीचा आवाज आला. मंदाताई म्हणाल्या, मी ठीक आहे, पण तुझा आवाज असा बसका का? किती दिवस झाले? थकवा येतो का? वीस मिनिटं त्यांनी त्या मुलीची तपासणी केली आणि थायरॉइड तपासून घे म्हणून ताकीद दिली. पुढच्या महिन्यात त्या मुलीनेच डब्यातून फोन करून आभार मानले. बटण मात्र बेडकाच्याच गळ्यात राहिलं.

मग केतकीने ब्रॅकनेलमध्ये एक फ्लॅट शोधला. म्हाताऱ्या माणसांसाठीची इमारत, खाली वॉर्डन, प्रत्येक खोलीत ओढायची दोरी. मंदाताई काय म्हणाल्या हे सांगायला नको. आम्ही नवरा-बायको तेव्हा चार दिवस फ्लॉरेन्सला निघालो होतो, आणि मंदाताईंनीही बरोबर यायचं ठरवलं होतं. त्यावरून मावशी-भाचीत जुंपली आणि शेवटी करार झाला. तिथे दिवसभराची एक कोच-ट्रिप होती. डोंगरावरची जुनी गावं, चढउतार, द्राक्षांचे मळे. केतकी म्हणाली, "मावशी, वन डे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काहीच गडबड झाला नाही तर मी फ्लॅटचं नाव काढणार नाही, एव्हर. पण काही झाला, तर तू येऊन फ्लॅट बघायचं. नो आर्ग्युमेंट."

"आणि बघणार कोण, गडबड झाली की नाही ते?" मंदाताईंनी विचारलं.

"सुहासकाका. ते खोटं बोलत नाहीत."

मी खोटं बोलत नाही हे खरं आहे, कारण मला ते नीट जमत नाही. केतकीने मला बाजूला घेतलं. "काका, प्रत्येक ठिकाणाहून टेक्स्ट करा, प्लीज. माझा झोप उडालाय." तिचे डोळे खरंच सुजलेले होते. मी हो म्हणून बसलो.

ट्रिपच्या दिवशी बायको फ्लॉरेन्समध्येच राहिली, कारण तिला कोचमध्ये मळमळतं. त्यामुळे शेजारच्या सीटवर मंदाताई. पायात पांढरे ट्रेनर्स, अंगात जांभळा कार्डिगन, मांडीवर पर्स. "कळवलंस का, गुन्हेगार गाडीत बसला म्हणून?" त्यांनी विचारलं. मी कळवलं होतं.

गाइड लुचिया नावाची चटपटीत बाई होती. हातात काठी, काठीला प्लॅस्टिकचं सूर्यफूल. आता मला गाइड मंडळींचा मुळातच राग आहे. अख्खं गाव समोर पसरलेलं असताना माणसाने प्लॅस्टिकच्या फुलाकडे बघत चालायचं, हा कुठला न्याय? पण मी रांगेत चालणारा माणूस. मनात चिडतो आणि फुलामागून जातो.

पहिलं गाव सान जिमिन्यानो. टेकडीवर दगडी बुरुजच बुरुज. लुचियाने सांगितलं, सगळ्यांत उंच बुरुजावर चढता येतं, दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, ज्येष्ठांनी चौकात बसून आइस्क्रीम खावं. ती "ज्येष्ठांनी" म्हणताना मंदाताईंकडे बघून गोड हसली. तिथेच चुकली.

"व्हाय शुड आय?" मंदाताईंनी इंग्रजीत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तिकीट काढलं.

मी मागून गेलो. जावंच लागलं, पंच होतो ना. निम्म्या वाटेवर माझ्या कानात ढोल वाजायला लागले. वरून पांढरे ट्रेनर्स परत खाली आले. मंदाताईंनी मला लोखंडी पायरीवर बसवलं आणि मनगट धरलं. "एकशे बत्तीस. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी? लाज वाटू दे. तू थांब इथं, मी आलेच." त्या वर जाऊन, चारी दिशा बघून, आरामात खाली आल्या. मी केतकीला लिहिलं, सान जिमिन्यानो ओके. कुणाची तब्येत बिघडली ते लिहिलं नाही. तसं करारात नव्हतं.

दुपारी सिएना. तिथला तो उतरता विटांचा चौक बघताच मंदाताईंनी कार्डिगन काढून अंथरला आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. लुचिया धावत आली, कारण पुढे कॅथीड्रलची वेळ ठरलेली. "का म्हणून?" मंदाताई या वेळी मराठीतच म्हणाल्या, आणि लुचियाला ते बरोबर कळलं. आम्ही कॅथीड्रल बघून आलो तेव्हा त्यांच्या आजूबाजूला आमच्याच कोचमधले सात जण आडवे पडले होते आणि त्यातल्या दोघांना झोप लागली होती. मंदाताई अर्थातच जाग्या होत्या. आळीपाळीने दोघांच्या छातीकडे बघत होत्या. सिएना ओके.

शेवटचा मुक्काम द्राक्षमळ्यात. तळघरात ओकच्या लाकडाची मोठाली पिंपं, वर लांब टेबलं, पाव, चीज आणि चार प्रकारची वाईन. मालक वास कसा घ्यायचा ते शिकवायला लागला. यात चेरी शोधा, यात चामडं शोधा. मंदाताईंनी तिसऱ्या ग्लासात नाक घातलं आणि म्हणाल्या, "ही बाटली बिघडलीय." मालक दुखावला, पण त्याने वास घेतला, चूळ भरली, आणि मुकाट्याने दुसरी बाटली उघडली. "तीस वर्षं मी नाकाने गॅस ओळखले. मला हा चेरी शिकवतोय," त्या मला म्हणाल्या. मी मनातल्या मनात फ्लॅटवर काट मारली. आता फक्त कोचमध्ये बसायचं आणि परत जायचं, एवढंच राहिलं होतं.

साडेपाचला लुचियाने माणसं मोजली. दोन कमी. एक मंदाताई, आणि दुसरे एकट्याने आलेले यॉर्कशरचे एक म्हातारे गृहस्थ, मिस्टर बार्लो.

मी तळघर बघितलं, संडास बघितले, द्राक्षांच्या दोन रांगांमधून वेड्यासारखा हाका मारत पळालो. एकशे बत्तीसच्या वर नक्की गेलो असेन. शेवटी लुचियाचीच हाक आली. मळ्याच्या मागे अंजिराच्या झाडाखाली दगडी बाकावर मिस्टर बार्लो चारही वाइनी पोटात घेऊन गाढ झोपले होते, आणि शेजारी मंदाताई त्यांचं मनगट धरून बसल्या होत्या.

"उठवा त्यांना. उशीर होतोय," लुचिया म्हणाली.

"नो. झोप पूर्ण होईपर्यंत नाही."

"मॅडम, कोच निघेल."

"निघू दे. मी आहे यांच्यापाशी."

"अहो मंदाताई, त्यांना काही झालेलं नाही ना?" मी म्हणालो.

"काही झालेलं नाही. अडुसष्ट आहे. पण हा माणूस सकाळपासून एकटा आहे, सुहास. झोपताना मला म्हणाला, बायको गेल्यापासून दिवसा झोप येत नाही, आज येतेय. मी त्याला म्हटलं, झोप, मी आहे. आता उठून जाऊ? का म्हणून?"

कोच पंचवीस मिनिटं थांबला. छत्तीस माणसं खिडक्यांतून आमच्याकडे बघत होती, काही बोलतही होती, आणि ते बोलणं इथे लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटी मिस्टर बार्लोंनी डोळे उघडले. समोर वाकलेल्या मंदाताईंना बघून त्यांनी विचारलं, "इज इट ओव्हर?"

"येस. ऑल डन. यू डिड व्हेरी वेल," मंदाताई म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

कोचमध्ये बसलो तर फोनवर केतकीचे चार टेक्स्ट. शेवटचा होता, काका, सगळं ओके ना? मी फोन हातात धरून नुसता बसलो.

"लिही. कोच अडवला म्हणून लिही," मंदाताई म्हणाल्या. "खोटं नको. पण मी फ्लॅट बघायला जाणार नाही, तेही लिही."

"मग ते बटण तरी घाला की हो. त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय."

त्या बाहेर बघत होत्या. कोच वळणावळणाने उतरत होता आणि वाइनमुळे आजूबाजूला सगळे झोपले होते. "बटण कुणी दाबायचं?" त्यांनी विचारलं. "मीच ना? भूल दिलेला माणूस बटण दाबतो का? ज्याला दाबता येतं, त्याला अजून गरज नसते. तीस वर्षं मी ते बघितलं. कुणीतरी बघत असायला लागतं, बस." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दिवशी स्वयंपाकघरात पाय हलत नव्हता. दुखत नव्हतं फारसं. पण तासभर मला कुणी बघत नव्हतं. मला भीती वाटली, सुहास. केतकीला हे सांगू नकोस."

मी मान डोलावली.

"तुमच्या बेडरूमचा पडदा मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. सव्वासातला उघडतो, शनिवार-रविवारी आठला. तुझ्या सासऱ्यांच्या वेळी साडेसहाला उघडायचा. उघडला की मी चहा टाकते. माझा सातला उघडतो. तू बघत जा. एवढं पुरे मला."

नऊ वर्षं. आणि मी समोरच्या घराला पडदे कुठल्या रंगाचे आहेत, हेही सांगू शकलो नसतो. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

मी टेक्स्ट केला नाही, उतरल्यावर केतकीला फोन केला. अंजिराचं झाड, पंचवीस मिनिटं, सगळं सांगितलं. ती भीतीची गोष्ट तेवढी सांगितली नाही. मग पडद्याचं सांगितलं. "रोज, काका?" तिने विचारलं. "रोज," मी म्हणालो. "सुट्टीला गेलात तर?" "तुला आधी सांगेन." फ्लॅटचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता मी सात वाजता उठतो. समोरचे पडदे मोरपंखी रंगाचे आहेत. ते उघडले की मी केतकीला ओकेमधला नुसता "ओ" टाइप करून पाठवतो.

गेल्या मार्चमध्ये मला फ्लू झाला. बायको बहिणीकडे बर्मिंगहॅमला गेली होती. मी समोरचा पडदा बघितला, "ओ" पाठवला, आणि स्वतःचा न उघडता पुन्हा पांघरुणात शिरलो. सात वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. दारात मंदाताई. ड्रेसिंग गाउन, त्याखाली गुडघ्यापर्यंतचे वेलिंग्टन बूट. "पडदा," एवढंच म्हणाल्या. मला पलंगावर ढकललं, मनगट धरलं. "शहाण्णव. ताप आहे. झोप, मी आहे."

मी झोपलो. जाग आली तेव्हा दहा वाजून गेले होते. त्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या, हात अजून माझ्या मनगटावर, आणि मान एका खांद्यावर कलंडलेली. मंदाताई झोपल्या होत्या. नऊ-दहा वर्षांत मी त्यांना झोपलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

मला तहान लागली होती, पण मी हललो नाही. गाउनची बटणं वर जात होती, खाली येत होती. त्या उठेपर्यंत मी त्यांचे श्वास मोजत पडून राहिलो.