डोकं वापर!

सासऱ्यांची सत्तरी हॉटेलात न करता घरीच करायची, हा निर्णय माझा. (आमच्या घरात माझा निर्णय वर्षातून एकदाच होतो, आणि तो वर्षभर पुरतो.) सासरे जन्मभर जेलीफिशच्या होडीवर. यिंगकौ बंदराच्या खाडीतली लाल जेलीफिश कोणती, रेताड कोणती आणि कुत्रंही तोंड लावत नाही ती काचेसारखी कोणती, हे ते लांबूनच सांगतात. जावई म्हणून मी त्यांच्या मते तिसऱ्या प्रकारात मोडतो. आज जेलीफिशची थंडगार कोशिंबीर जमली, तर बढती मिळायची आशा होती.

ओट्यावर दोन पातेली भिजत होती. एकात कातडी, म्हणजे वरची छत्री. दुसऱ्यात डोकं, म्हणजे खालचा जाडजूड गुंता. (जेलीफिशला मुळात डोकं नसतंच. तरी बाजारात भाव त्यालाच!)

सासऱ्यांना आणायला स्टेशनवर निघालेली बायको, यूछिन, जिन्यातून ओरडली, "अरे तोंग, बाबा जेवायला आहेत आज. डोकं वापर, डोकं!"

आता सांगा, हे काय बोलणं झालं? तेही शेजारीणबाई कान टवकारून उभ्या असताना? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, थांब, वापरूनच दाखवतो!

कातडी चाखली. खारट ढोण! गार पाणी बदलत बसायला वेळ कुणाला आहे? लगेच डोकं वापरलं आणि किटलीभर उकळतं पाणी ओतलं. टेबलक्लॉथएवढी कातडी डोळ्यांदेखत आकसली. हाती उरलं रबरबँडचं वेटोळं. लसूण आणि व्हिनेगर घालून तेच सजवलं.

सासऱ्यांनी घास घेतला. चघळला. चघळतच राहिले.

"हे काय आहे?"

"कातडी, बाबा."

"कशाची? चपलेची?"

यूछिन रडकुंडीला आली. "तुला डोकं वापर म्हटलं होतं ना?"

"वापरलं की! म्हणून तर उकळतं पाणी घातलं!" मीही तडकलो. "आणि शेजाऱ्यांसमोर माझं डोकं काढायचं कारण काय?"

"तुझं कोण म्हणालं? पातेल्यातलं!"

सासरे काठी टेकत ओट्यापाशी गेले. दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं.

"रडू नकोस पोरी," ते म्हणाले. "डोकं जसंच्या तसं आहे. जावईबापूंनी अजिबात वापरलेलं नाही."