आवाज पोचवणारे गेणूभाऊ

आमच्या गावात सभा कुणाचीही असो, गेणूभाऊ कर्णे लावायचे आणि भाषण सुरू झालं की अँप्लिफायरवर डोकं टेकून झोपायचे. मंत्री असो की कीर्तनकार. माईकनं शिट्टी मारली की मात्र डोळे न उघडता बोट बरोबर बटणावर.

"भाऊ, एखादं भाषण तरी ऐका," मी म्हणायचो.

"सर, माझं काम आवाज पोचवायचं. चांगला का वाईट, तुमी ठरवा."

माईक तपासताना ते 'हॅलो' म्हणत नसत. "वांगी, भेंडी, गवार" म्हणायचे. एका शोकसभेत त्यांनी गंभीर चेहऱ्यानं ही भाजी पुकारली, तेव्हा मयताचा थोरला मुलगासुद्धा हसला.

पारनेर तालुक्यातलं आमचं बाजाराचं गाव. मी तिथल्या वाचनालयाचा चिटणीस. गेल्या हिवाळ्यात आम्ही नेवाशाच्या एका लेखिकेला व्याख्यानाला बोलावलं. तिच्या कादंबरीत एका पानावर जत्रेतल्या मानपानाची टिंगल होती. निवडणूक तोंडावर आलेली. दोन्ही गटांना नेमकं तेच पान सापडलं. मोर्चे निघाले, टायर जळाले, बाजार बंद झाला. आदल्या दिवशी कमिटीनं व्याख्यान 'पुढे ढकललं'. ठरावावर सही माझी. लेखिकेला फोनही मीच केला. ती एवढंच म्हणाली, "बरं."

गेणूभाऊंना कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे, लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते टेम्पो घेऊन हजर. पटांगणात कर्णे बांधून होतात तोच पंधरा-वीस जण आले.

"ती येनार न्हाई. सामान उचला."

"कमिटी सांगंल तवा उचलीन. आन् परवा तुमच्या सभेला हेच कर्णे हुते. तवा मी इचारलं का, काय बोलनार म्हनून?"

"तुमी तिच्या बाजूचे का?"

"मी पुस्तक वाचलं न्हाई. तुमी वाचलंय?"

मग एकानं वायर तोडली, दुसऱ्यानं अँप्लिफायर आपटला. कमिटी त्या वेळी वाचनालयाच्या खिडकीत, पडद्याआड उभी होती. म्हणजे मी. दहा पावलांवर. गेलो नाही.

त्यानंतर भाऊंना कुणी कामाला बोलावेना. दोन महिन्यांनी धीर करून मी घरी गेलो.

"भाऊ, त्या दिवशी मी खिडकीत होतो."

"ठावं हाय. पडदा हालत हुता."

ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी चहा टाकला. मग फळीवरून एक पुस्तक काढलं. तीच कादंबरी, नगरहून मागवलेली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.

"वाचता का जरा? मला अक्षर वळखू येत न्हाई. ती बाई काय बोलनार हुती, ते ऐकायचं राहिलं."

मी वाचत गेलो. ते पान आलं. भाऊ मांडी सावरून बसले.

"हे काय मला आवडलं न्हाई," ते म्हणाले. मी पुस्तक मिटू लागलो, तसे म्हणाले, "थांबलात का? वाचा की पुढं."

दिवेलागणीला मी उठलो.

"मंडळी जाऊन चार वर्सं झाली," ते कपबश्या विसळत म्हणाले. "घरात कुनी एवढं बोललंच न्हाई."

उरलेलं वाचून उद्या सांगावं म्हणून मी पुस्तक पिशवीत घालू लागलो. त्यांनी ते हळूच काढून घेतलं आणि परत फळीवर ठेवलं.

"हितंच राहू द्या," ते म्हणाले. "म्हंजी तुमाला यावं लागंल."