पाहणीची जय्यत तयारी

पाहणीची तयारी कशी करावी, हे आमच्या नगरपालिकेत कोणीही माझ्याकडून शिकावं. बढाई म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. वरून कोणीही येणार असलं की मोठे साहेब आधी मला बोलावतात. मी हात लावला की खड्ड्याचा रस्ता होतो आणि उकिरड्याची बाग होते. पाहुण्यांची गाडी गेली की सगळं पुन्हा जसंच्या तसं होतं, पण ते बघायला पाहुणे थांबतात कुठे?

त्यामुळे निधी देणारी समिती नाल्याकाठच्या वस्तीत येणार असं कळलं, तेव्हा मी शर्टाची कॉलर नीट केली. काम अगदी हातचा मळ होतं. वस्तीत पाणी नव्हतं. समितीने यायचं, बघायचं, नळासाठी पैसे मंजूर करायचे, चहा घ्यायचा आणि जायचं.

या नळावर सगळ्यात जास्त डोळा होता मशीनताईंचा. या बाईंचं खरं नाव वस्तीतसुद्धा कोणी घेत नाही. झालं असं, की गरिबी कमी करण्यासाठी नगरपालिकेने स्वयंरोजगाराची योजना काढली आणि त्यांना कपडे धुण्याचं एक भलंमोठं मशीन दिलं. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या आणि चार पैसे कमवायचे. योजना उत्तम होती. फक्त मशीन देणारं खातं वेगळं आणि पाणी देणारं खातं वेगळं. मशीन आलं, पाणी आलंच नाही. ताई त्यात कांदे-बटाटे ठेवू लागल्या. आता योजनेच्या खात्याने बजावलं होतं, की मशीन चालू दिसलं नाही तर उचलून नेऊ.

मी तयारीला गेलो तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या.

"साहेब, सरळ सांगते. नळ आला तर मी धंदा सुरू करणार. एका हॉटेलवाल्याशी बोलणंही झालंय. नाही आला तर हे मशीन जाणार आणि मी पुन्हा लोकांची भांडी घासायला जाणार."

"ताई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. तयारी माझ्याकडे आहे."

"तयारी कसली? पाणी नाही हे दाखवायला तयारी काय करायची?"

मी नुसता हसलो. पाहणीतलं मर्म असं चारचौघांना सांगून कळत नाही.

मग मी कामाला लागलो. नाल्यावर फळ्या टाकून त्यावर कुंड्या मांडल्या. भिंतींना रंग दिला. गल्लीच्या दोन्ही कडांना चुन्याची रेघ ओढली. तुटके पत्रे, रिकामे डबे, फुटक्या बादल्या, सगळं एका ट्रॉलीत भरून लांब पाठवलं. वस्तीतल्या लोकांना एकत्र बसवून घोकून घेतलं. पाहुणे बोलले की हसायचं, कसं काय चाललंय असं विचारलं की "सगळं छान आहे" म्हणायचं, रडगाणं गायचं नाही.

"अहो पण छान नाहीये," एक आजोबा म्हणाले.

"आजोबा, पाहुण्यांना घरात बोलावून आपण दुखणी सांगतो का?"

आजोबांना ते पटलं. मलाही पटलं. इथेच घोडं पेंड खात होतं, पण तेव्हा ते कुठे दिसायला!

आणि मग मला एक कल्पना सुचली. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. म्हटलं, समितीला नुसती रिकामी जागा काय दाखवायची? नळ झाल्यावर कसा दिसेल ते दाखवू. मी स्टोअरमधून एक नवाकोरा पितळी नळ आणला, गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा करून त्यावर बसवला, आणि भिंतीमागे पिंप ठेवून त्याला पाइप जोडला. टँकर मागवून पिंप काठोकाठ भरलं. उरलेलं पाणी मशीनताईंच्या मशीनमध्ये ओतलं. म्हटलं, मशीनही फिरताना दिसू दे. जिवंतपणा येतो.

पाहणीच्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाई गाडीतून उतरल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी गल्लीवर नजर फिरवली. मी मनात म्हटलं, पडली छाप.

"हीच ती वस्ती?" त्यांनी विचारलं.

"हीच, मॅडम."

"अतिशय गरीब म्हणून प्रस्ताव आलेली?"

"अतिशय, मॅडम. पराकोटीची," मी एक कुंडी सरळ करत म्हणालो.

त्या पुढे गेल्या. ओट्यापाशी थांबल्या. हात पुढे केला आणि नळ सोडला. पाणी धो धो आलं. माझ्या स्वतःच्या घरात इतक्या जोराने कधी आलं नव्हतं.

"नळ आहे की," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम. म्हणजे आहे, पण नाही. हा नमुना आहे. मागे पिंप आहे."

"नळ खोटा आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"हो, मॅडम."

"आणि पाणी?"

"पाणी खरं आहे."

"मग आणखी काय हवं?" त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि रुमालाने टिपलं. "जादा पैसे मिळावेत म्हणून असलेली सोय नाही म्हणायची, हे प्रकार मी फार पाहिलेत."

मी वस्तीकडे आशेने पाहिलं. अध्यक्षबाईंनी लोकांना विचारलं, "काय हो, कसं काय चाललंय?"

"सगळं छान आहे!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली. ते आजोबा तर टाळ्याही वाजवू लागले.

तेवढ्यात आतून मशीनची घरघर ऐकू आली आणि बाई तिकडे वळल्या. मशीनताई चादर पिळत होत्या. त्यांचा चेहरा चादरीसारखाच पांढरा पडला होता, कारण बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"वा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घरात मशीन, दारात नळ. धंदा जोरात दिसतोय."

"अहो बाई, हे आजच्यापुरतं आहे," ताई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "हे पाणी साहेबांनी टँकरने आणलंय. संध्याकाळी बघा तुम्ही, थेंब नसतो."

"टँकरही येतो," अध्यक्षबाईंनी सोबतच्या माणसाला सांगितलं. "हे लिहून घ्या."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात बऱ्याच साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, पण एक शब्दही न बोलता इतकं कोणी मला बोललं नव्हतं. मला खरोखरच वाटलं, त्या नाल्यावरची फळी काढावी आणि खाली उतरावं.

गाडीत बसताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "या वस्तीला नळाची गरज नाही. पण नळासाठी राखलेला निधी परत नेणं मला आवडत नाही. जिथे खरोखर हाल आहेत अशी जागा दाखवा. छत गळतंय, गटार वाहतंय, पाण्यासाठी बायका उभ्या आहेत, अशी."

उत्तर दिलं ते समितीच्या दिमतीला दिलेल्या आमच्या नगरपालिकेच्या ड्रायव्हरने.

"आहे एक जागा. पाच मिनिटांवर," तो म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

दुसऱ्या वळणावर मला रस्ता ओळखीचा वाटू लागला. तिसऱ्या वळणावर मी हादरलो. ड्रायव्हरने गाडी थेट आमच्या क्वार्टर्ससमोर आणून उभी केली. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स. वरच्या मजल्यावर तो राहतो, खालच्या मजल्यावर मी.

आता खोटं कशाला बोलू, या इमारतीची मी कधी तयारी केलेली नव्हती. इथे पाहुणे येत नाहीत ना! प्लास्टर गळून विटा उघड्या पडलेल्या, गटाराचं झाकण कोणीतरी पळवलेलं, जिन्याला कठडा नाही. आणि दारात बादल्यांची रांग, रांगेत सगळ्यात पुढे आमची सौभाग्यवती, आणि तिच्या मागे ड्रायव्हरची बायको. मी ड्रायव्हरच्या पाठीमागे दडलो.

अध्यक्षबाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "पाणी कधी येतं?"

"आलं तर येतं," बायको म्हणाली. "वरच्यांची न्हाणी आमच्या स्वयंपाकघरात गळते, तेवढं मात्र रोज येतं."

"मालक काय करतात?"

"नगरपालिकेत आहेत. पाणीखात्यात."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग त्यांच्याकडे तक्रार करा ना."

"केली की. लेखी केली. म्हणाले, अर्ज योग्य मार्गाने आला पाहिजे." मग तिची नजर ड्रायव्हरच्या खांद्यावरून माझ्यावर पडली. "अहो, तिथे काय लपताय? ही बादली धरा आधी."

मी निमूटपणे बादली धरली. अध्यक्षबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या सोबतच्या माणसाने लिहिणं थांबवलं.

"हे तुम्ही?" त्या म्हणाल्या. "इथे राहता? आणि आम्हाला ते कुंड्यांचं प्रदर्शन दाखवत होता?"

"मॅडम, ती वस्ती खरंच..."

"पुरे. स्वतःच्या बायकोला पाणी देता येत नाही, आणि वर झाकायला बघता."

नळ आमच्या क्वार्टर्सना मंजूर झाला. कामही इतक्या झपाट्याने झालं, की मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच नगरपालिकेत नोकरीला लागलो. ऑफिसात लोक माझं अभिनंदन करत होते आणि मला घास गिळवत नव्हता. वस्तीतला पितळी नळ स्टोअरवाल्यांनी परत नेला. पिंपही नेलं. कुंड्या तर त्याच दिवशी गेल्या होत्या.

नळ सुरू झाला त्या सकाळी दारात हातगाडी थांबली. गाडीवर मशीन, आणि गाडीमागे मशीनताई.

"वहिनी आहेत का?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

बायको बाहेर आली. ताई म्हणाल्या, "वहिनी, आमच्या वस्तीचं पाणी तुमच्याकडे आलंय म्हणे. मशीन ठेवायला जागा द्याल का? नाहीतर उद्या उचलून नेतायत ते."

बायकोने सगळी कहाणी ऐकून घेतली. मग ती माझ्याकडे वळली. त्यानंतर काय झालं ते मी सांगत नाही. माझी खुर्ची, माझा रेडिओ आणि माझं टेबल जिन्याखाली गेलं आणि पुढच्या खोलीत मशीन आलं एवढं पुरे.

ताईंचा धंदा सुरू झाला. मशीन वाचलं. पण वस्तीतल्या बाकीच्या बायका हंडे घेऊन आमच्या दारात येऊ लागल्या, कारण त्यांच्याकडे पाणी नव्हतंच. भरलेला हंडा घेऊन नाल्यापर्यंत परत जाणं म्हणजे काय, ते मी रोज ओल्या चादरींच्या आडून बघत होतो. ते बघताना मान वर होत नसे.

असंच एकदा क्वार्टर्सचा नळ बघायला अध्यक्षबाई आल्या. त्यांना ती हंड्यांची रांग दिसली. बायकोने आणि ताईंनी त्यांना मशीनपाशी बसवून चहा दिला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. मला आत येऊ दिलं नाही. जाताना बाई म्हणाल्या, "वस्तीची पुन्हा पाहणी करू. सोमवारी येते."

मोठ्या साहेबांनी लगेच मला बोलावलं. "मागच्या वेळी थोडी गडबड झाली. या वेळी कसर राहता कामा नये. जय्यत तयारी करा."

सोमवारी सकाळी मी कपडे करून, डोक्यात सगळा आराखडा घेऊन निघालो, तर पुढचं दार उघडेना. बाहेरून कडी होती.

"अहो, दार अडकलंय," मी हाक मारली.

"अडकलेलं नाही, मी लावलंय," बाहेरून बायको म्हणाली. "ताई आणि मी जाऊन येतो. तुम्ही चादरींच्या घड्या घाला."

मी ओरडलो, दार वाजवलं, नोकरीची शपथ घातली. खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली, तर त्याने हात हलवला आणि त्या दोघींना गाडीत बसवून निघून गेला. मी डोकं धरून बसलो. ना चुना, ना कुंड्या, ना लोकांची उजळणी. जशाच्या तशा त्या उघड्या नाल्यासमोर समिती उभी राहणार, या विचाराने मला धडकीच भरली.

दुपारी कडी वाजली. दारात मशीनताई होत्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि चक्क हसल्या.

"मंजूर झाला नळ. अख्ख्या वस्तीला," त्या म्हणाल्या. "साहेब, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही आला नाहीत."