स्वयंपाकघरातला डिस्ट्रिब्युटर

गाडीचा डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय हो? एक झाकण, आत एक रोटर, दोन स्प्रिंगा! स्पार्क प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाढायची, की झालं! "आई, बाबांची होल्डन गाडी मी शनिवारपर्यंत सुरू करतो," मी छातीठोकपणे सांगितलं.

"नाही झाली तर क्लॅरी नेईल हं, नेव्हिल," आई म्हणाली. "कोंबड्या अंडी घालायला लागल्यात तिच्यात!"

क्लॅरी आमचा शेजारी. बाबा गेल्यापासून गाडीवर डोळा ठेवून कुंपणाला टेकलेला असायचा. ती गाडी त्याच्या दारात? माझ्याच्याने बघवलं नसतं. लहानपणी तिच्या मागच्या सीटवर झोपून मी समुद्रावरून घरी, आमच्या बेनाला गावी, परत आलोय, पायाची वाळू तशीच!

टेबलावर पेपर पसरून डिस्ट्रिब्युटर खोलला. टण्ण! एक स्प्रिंग उडाली. आईच्या स्कोनच्या, म्हणजे गोड पावांच्या, पिठात पडली असेल म्हणून आम्ही अख्खं पीठ चाळलं. स्प्रिंग माझ्या स्वेटरला लटकत होती!

शनिवारी सगळं बसवून चावी फिरवली. धडाम्! झाडावरचे काकाकुवे उडाले, कोंबड्या छपरावर, क्लॅरीचा चहा क्लॅरीच्या पोटावर!

आई ओल्या हातांनी धावत बाहेर आली. डोळ्यांत पाणी. "पुन्हा कर बघू!"

मला वाटलं, टोमणा मारतेय. "चुकलो गं! परत आवाज आला तर नाव बदलीन!"

"बरं," एवढंच म्हणून ती आत गेली.

"अरे पोरा, वायरी उलट्या लाव," क्लॅरी म्हणाला. गाडी ज्याला हवी त्याचाच सल्ला, आणि मी शहाण्याने तो घेतला! धडाम्, धडाम्! कोपऱ्यावरचे बंबवाले धावत आले. आग कुठेच नाही म्हटल्यावर बिअर उघडून कुंपणावर बसले.

मग डोक्यात प्रकाश पडला. डिस्ट्रिब्युटर मी अर्धी फेरी उलटा बसवला होता! वायरी होत्या तशा लावल्या, तो सरळ केला, चावी फिरवली. अहाहा! इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. बंबवाल्यांनी टाळ्या पिटल्या, क्लॅरीचं तोंड एवढंसं झालं.

आईला पुढच्या सीटवर बसवलं. "ऐक! आहे का आता आवाज?"

"नाही रे." तिने सीटवरून हात फिरवला. "तुझे बाबा वळणावर आले की गाडी धडाम् करायची. मग मी तव्यावर मटणाचे चॉप टाकायचे. ते दारात, चॉप ताटात. मघाशी क्षणभर वाटलं... जाऊ दे. देऊन टाक क्लॅरीला. ही त्यांची वाटत नाही."

मी इंजिन बंद करून चावी खिशात घातली. "मुळीच नाही! तो आवाज मी परत आणतो. थांब तू!"

तेव्हापासून दर रविवारी डिस्ट्रिब्युटर खोलतोय. उलटा बसवला की धडाम् होतं, पण गाडी जागची हलत नाही. सरळ बसवला की मेली मांजरासारखी गुरगुरते. बाबांना चालत्या गाडीत ते कसं साधायचं, देव जाणे! दुरुस्त करणं काय, कुणालाही जमेल हो. नीट बिघडवणं मला अजून जमलेलं नाही!